गाडी एकदा येऊन भागणार नाही
रायगड जिल्हा परिषदेला खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग
यांस,



आधी मागणी सांगतो, म्हणजे हा कागद कोणत्या टेबलाकडे सरकवायचा ते ठरवणे सोपे जाईल. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीतल्या जिल्हा परिषद शाळांसाठी एक फिरती गाडी सुरू करा. घरातली वीज येते कुठून आणि घराभोवती राहते कोण, हे दोन विषय तिने एकत्र न्यावेत. सरकारी कागदावर त्यांची नावे अपारंपरिक ऊर्जा आणि वन्यजीव अशी असतील, आणि बहुधा ती दोन वेगळ्या खात्यांत असतील. या किनाऱ्यावर ते विषय वेगळे काढता येत नाहीत, हे पुढे सांगतोच. दुसरी गोष्ट, ही गाडी एकाच शाळेत वर्षातून तीनदा जावी. दहा शाळा कमी झाल्या तरी चालतील.

अशा गाड्या येतच नाहीत असे नाही. येतात, आणि आर्थिक वर्ष संपत आले की जरा जास्तच येतात. बॅनर लागतो, मुलांना टोप्या वाटल्या जातात. पडद्यावर ताडोबाचा वाघ आणि कुठल्यातरी परदेशी समुद्रातल्या पवनचक्क्या दिसतात, खेळण्यातल्या पॅनेलवर खेळण्यातला पंखा फिरतो. ‘पर्यावरण वाचवा’ या विषयावर चित्रे काढून होतात, फोटो निघतात, आणि खिचडी शिजायच्या आत गाडी पुढच्या शाळेकडे निघालेली असते. मुलांना मजा येते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हसळ्याच्या मुलीने वाघ पाहिला आणि तिच्याच तालुक्यात चिरगावला उंच झाडांवर घरटी करणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांबद्दल गाडीने अवाक्षर काढले नाही, तर ती गाडी म्हसळ्याला आली कशाला?

फिरत्या शिक्षणाची आपल्याकडे जुनी आणि चांगली परंपरा आहे. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९६५ साली बसमध्ये विज्ञानाची उपकरणे भरून ती खेड्यांत न्यायला सुरुवात केली. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसगाड्याही त्याच पठडीतल्या. २००७ ते २०१७ या काळात ‘सायन्स एक्स्प्रेस’ नावाची आगगाडी देशभर फिरली. मधली काही वर्षे तिच्या डब्यांत जैवविविधता होती, शेवटची काही वर्षे हवामानबदल. कल्पना उत्तम होती, पण कोकण रेल्वे रोहा-माणगाववरून निघून जाते. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन तिच्या वाटेवर नाहीत. रूळ जिथे संपतात तिथून पुढे आमची लाल परी, आणि लाल परी जिथे पोहोचत नाही तिथे वाड्या-पाडे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोलंकी २०२० मध्ये सौर पॅनेल लावलेल्या बसमध्येच राहून देशभर फिरायला निघाले. त्यांच्या गाडीत मला आवडते ते हे, की तिथे सूर्य हा दाखवायचा प्रयोग नाही. त्या गाडीतले दिवे आणि स्वयंपाक त्यावरच चालतात. आपल्या गाडीनेही निदान तेवढे करावे. डिझेल जनरेटर लावून सौरऊर्जेवर भाषण नको.

आता गाडीत काय असावे. माझ्या मते तिने पॅनेलपासून सुरुवातच करू नये. पाण्यापासून करावी.

या जिल्ह्याला ‘अपारंपरिक’ ऊर्जा शिकवायला निघालेल्यांना बहुतेक वेळा आठवतच नाही की ती इथे शंभर वर्षे जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज देणारे टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाले. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. तिन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, ते सुमारे पाचशे मीटर खाली पायथ्याशी सोडायचे आणि जनित्र फिरवायचे. सह्याद्रीचा कडा जितका उभा, तितकी ही युक्ती चांगली चालते. मुळशीच्या धरणाचे पाणी खरे तर मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचे. ते बोगद्यातून उलटे फिरवून भिऱ्याला उतरवले, तिथून ते कुंडलिकेत आले आणि आता रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. कोलाडला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक ज्या फेसाळत्या पाण्यात राफ्टिंग करतात, ते भिऱ्याचे जनित्र फिरवून सुटलेले पाणी आहे. कोर्लईच्या किंवा साळावच्या शाळेतल्या मुलाला खाडीच्या तोंडाशी उभे करून हे सांगा. नकाशावर बोट ठेवून त्याला त्या पाण्याची मूळची वाट शोधू द्या. भूगोल, भौतिकशास्त्र आणि त्याची स्वतःची खाडी एका तासात एकत्र येतात. यापुढे खेळण्यातला पंखा फिका आहे.

आणि इथेच थांबू नये. मुळशीच्या धरणाखाली मावळातली पन्नासच्या आसपास गावे गेली. १९२१ ते १९२४ शेतकरी त्याविरुद्ध लढले. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्याने दिली. पाण्यापासूनची वीज धूर सोडत नाही हे जितके खरे, तितकेच कोणीतरी तिची किंमत जमिनीने मोजली हेही खरे. सातवी-आठवीच्या मुलांना हे कळत नाही, असे समजणारे लोक मुलांशी फारसे बोललेले नसतात. ज्या जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप चालवला, तिथल्या मुलांना जमीन कोणाची हा प्रश्न शिकवावा लागत नाही. तो घरातच असतो. सौरऊर्जेलाही जमीन लागते. उद्या कोणी गावच्या गायरानावर पॅनेल मांडायला आले, तर काय विचारायचे हे या मुलांना ठाऊक असावे.

मग सूर्याकडे वळावे, पण त्याचीही आमची जुनी ओळख आहे. पेण-उरणची मिठागरे म्हणजे दुसरे काय? भरतीचे पाणी कोंड्यांत घ्यायचे, उन्हाने आटवायचे आणि मीठ ओढायचे. वलांडीवर वाळणारा बोंबील आणि अंगणात पसरलेली सुकट हीसुद्धा सूर्याचीच कामे. कोळीवाड्यातल्या मुलीला वर्गात विचारा, बोंबील वाळायला ऊन किती दिवस लागते, ढग आले तर काय होते, वाऱ्याचा उपयोग काय. ती जे सांगेल ते फळ्यावर लिहा आणि त्याशेजारी पॅनेलचा हिशोब मांडा. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट छप्पर लागते. आपल्याकडे त्यातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज निघते. जून ते सप्टेंबर मात्र ती बरीच घटते, आणि नेमकी त्याच महिन्यांत घाटमाथ्यावरची धरणे भरत असतात. शाळेतला जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, नव्या बीएलडीसी पंख्याचे तीसच्या आसपास भागते. हा हिशोब मुलांनी स्वतः शाळेच्या मीटरवर करावा. मीटर चालू असला तर! वीजबिल थकले म्हणून जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या राज्यभरातून येतात, त्या आपल्या कानावर माझ्याआधी आल्या असतील.

विजेविना म्हणजे काय, हे इथल्या मुलांना भाषणातून सांगण्याची गरज नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, शाळांची छपरे उडाली, विजेचे खांब रांगेने झोपले. कित्येक गावांत आठवड्यांमागून आठवडे लाइट नव्हती. मोबाइल चार्ज करायला माणसे तालुक्याच्या गावी जात होती. त्याच्याही आधीचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. घारापुरी बेटाला वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. जगभरचे पर्यटक लेणी पाहून बोटीने परत जात, आणि राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्या जनरेटरच्या संध्याकाळच्या काही तासांवर राहत. समोर ट्रॉम्बे आणि न्हावा-शेवा रात्रभर उजळलेले. गाडीने घारापुरीलाही जावे, अर्थात बोटीतून. तिथली शाळा ‘किनारपट्टी’ या शब्दात बसते की नाही, अशी टिपणी कोणी फाइलवर लिहिली तर कृपया ती खोडून टाका.

आता तो मुद्दा, ज्यासाठी हे दोन विषय एकाच गाडीत हवेत.

हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या आपल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. बाणकोटच्या खाडीपलीकडे, रत्नागिरीतल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून या घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. पुढे तिथला कासव महोत्सव गावाच्या उत्पन्नाचे साधन झाला, आणि ‘कासवमित्र’ हे नाव कोकणात रुळले. मादी रात्री येते, शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरते आणि मागे न बघता निघून जाते. दीडेक महिन्यापासून दोन महिन्यांत पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू त्याहून तापली की माद्याच माद्या. हवामानबदल शिकवायला ध्रुवावरच्या अस्वलापर्यंत जावे लागत नाही. हरिहरेश्वरच्या वाळूत थर्मामीटर खोचला तरी पुरते.

पिल्लू वाळूतून वर आले की ते उजेडाकडे धावते. हजारो वर्षे रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ बाजू समुद्राची असे, म्हणून ही खूण त्याच्या अंगात बसली. आता किनाऱ्यावर पर्यटन आले. त्याबरोबर हायमास्ट आले, रिसॉर्टचे फोकस आले आणि गेल्या काही वर्षांत सौर पथदिवेही आले. दिवा सौर असला तरी पांढराशुभ्र उजेड कासवाच्या दृष्टीने उजेडच. मादी उजेड पाहून किनाऱ्याला लागत नाही, पिल्लू रस्त्याकडे वळते. कासवमित्रांनी अंडी उबवणी केंद्रात हलवली तर पिल्लांचा धोका कमी होतो. पण प्रत्येक घरटे सापडतेच असे नाही, आणि बिचकून परत गेलेली मादी तर कोणाच्याच मोजणीत येत नाही. म्हणजे एक खाते बिलात बचत करणारा दिवा लावते आणि दुसरे खाते त्याच वाळूत कासव वाचवते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. त्यांची गाठ घालून देणारा कोणी नाही.

उपाय अवघड नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अंडी घालण्याच्या हंगामात दिव्यांवर स्थानिक कायद्याने बंधने आहेत. दिवा खाली असावा, त्यावर झाकण असावे, त्याचा रंग अंबर किंवा तांबडा असावा, नको तेव्हा तो बंद असावा. हे नववीच्या मुलांना एका संध्याकाळी उमगते. पांढरी बॅटरी, तांबडा जिलेटीन कागद आणि अंधारलेली खोली, एवढेच सामान लागते. मग त्यांनी आपल्या किनाऱ्यावर फिरून कोणता दिवा समुद्राकडे तोंड करून आहे, कोणाला झाकण नाही, याची यादी करावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. ग्रामपंचायतीला दिवा बदलायला सांगणारी यादी एखाद्या संस्थेकडून आली तर ती बाहेरची ठरते, सरपंचांच्या पुतणीने वाचली तर निदान ऐकून घ्यावी लागते.

गिधाडांचेही तसेच. पाळीव जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे दुखणे कमी करणारे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे दोन दशकांत शेकडा ९९ कमी झाली ती त्यामुळे. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम चालते. ही चार नावे गाडीने मुलांकडून पाठ करून घ्यावीत, कारण गोठ्यातल्या बाटलीवरचे बारीक अक्षर घरात वाचू शकणारे माणूस पुष्कळदा तेच असते. चिरगावला गिधाडे टिकली ती महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या ‘सिस्केप’ संस्थेने, वनखात्याने आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे लक्ष घातल्यामुळे. मेलेले जनावर तिथे नेऊन टाकायचे, झाड तोडू द्यायचे नाही, अशी ही साधी कामे आहेत. निसर्ग वादळाने गिधाडांच्या घरट्यांची झाडेही पाडली. गावाने त्यानंतर काय केले, ते गावकऱ्यांच्याच तोंडून ऐकवावे. त्यावर चित्रफीत करू नये, हीही विनंती.

समुद्रावरच्या घरांसाठी आणखी एक माहिती. जाळ्यात कासव किंवा देवमुशीसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर राज्य सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. डिसेंबर २०१८ पासून ही तरतूद आहे. जाळ्याची किंमत ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याचे मोल कळेल. योजनेचा अर्ज गाडीने सोबत न्यावा आणि तो भरायचा कसा हे वर्गात शिकवावे. मराठीचा तास म्हणूनही चालेल. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. तेव्हा जमलेल्या गर्दीत मदत करणारे होते आणि नुसते बघणारेही. पुन्हा असे झाले तर कोणाला कळवायचे, जवळ जायचे की नाही, अंगावर पाणी ओतताना श्वासाचे छिद्र कसे मोकळे ठेवायचे, हे बंदराजवळच्या प्रत्येक शाळेत माहीत असावे.

आता वेळापत्रकाबद्दल, आणि इथे मला आग्रह धरायचा आहे. कासवांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसानंतर रस्ते बरे असतात, म्हणून सगळे कार्यक्रमही याच महिन्यांत होतात. नेमके याच महिन्यांत कातकरी कुटुंबे दिवाळी आटोपून वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला गेलेली असतात, ती परततात पावसाच्या तोंडावर. म्हणजे खेकड्याचे बीळ, मधाचे पोळे, रानातले कंद, भेकराची वाट ज्या मुलांना आपल्या सर्वांपेक्षा जास्त माहीत आहे, ती मुले वन्यजीवांच्या वर्गात गैरहजर. गाडी फिरती आहे ना, मग तिने भट्टीवर जावे. ‘विधायक संसद’ या संस्थेने ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या आहेत, मार्ग नवा नाही. आणि भट्टीवर गेल्यावर सौर दिव्याचे महत्त्व पटवून देण्यात वेळ घालवावा लागणार नाही.

म्हणून तीन फेऱ्या. पहिली जुलै-ऑगस्टमध्ये, मुले गावी असताना, धरणे भरताना, खाजणात निवट्या उड्या मारत असताना. दुसरी डिसेंबर-जानेवारीत, किनाऱ्यावर आणि भट्ट्यांवर. तिसरी मार्चअखेर, पिल्ले बाहेर पडताना. दोन फेऱ्यांच्या मध्ये शाळेकडे एक वही असावी. महिन्याचे मीटरचे आकडे, घरट्यांच्या तारखा, गिधाडे दिसली तो दिवस, उधाणाने कोणत्या बांधाला खांड गेली, असे जे त्या गावाचे असेल ते मुलांनी लिहावे. पुढच्या फेरीत गाडीतल्या माणसाने आधी ती वही वाचावी आणि मगच बोलायला उभे राहावे. मी तीन फेऱ्या म्हणतो त्या एवढ्यासाठीच. एकदाच येणाऱ्या माणसाला कोणी वही दाखवत नाही.

शिकवणारे बाहेरून आणायची गरज थोडी. महावितरणचा वायरमन तासभर आला, डीपी म्हणजे काय आणि वादळात तुटलेल्या तारेपासून किती लांब राहायचे हे सांगून गेला, तर मुले जिवाला मुकणार नाहीत. कासवमित्र, गिधाडांची घरटी मोजणारे गावकरी, फणसाडच्या अभयारण्यात शेकरूच्या मागावर आयुष्य गेलेला वनमजूर, खाडीतली जुनी माणसे, ही सगळी जिल्ह्यातच आहेत. त्यांना मानधन द्या. शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नका. शिक्षकांवर मात्र नवे काम टाकू नका. प्रत्येक फेरीचे फोटो अमुक अॅपवर अपलोड करा, असा आदेश निघाला की त्या दिवशी वर्ग फोटोसाठीच भरेल. वेळेचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला वर्षाचे दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, ‘आनंददायी शनिवार’ही आहे. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले, २००३ मध्ये पुन्हा सांगावे लागले. विषय त्यामुळे आहेच, गुणही आहेत. त्या गुणांसाठी मुले पाठ्यपुस्तकातला वाळवंटातला उंट लिहितात आणि दारातली चिंबोरी सोडून देतात.

दुरुस्तीचे विसरू नका. खाऱ्या वाऱ्यात पॅनेलचे क्लॅम्प गंजतात, बॅटरी तीन-चार वर्षांत बसते, आणि मग छपरावरचे सौर संच कावळ्यांना बसायला उरतात. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पाने एक गोष्ट बरोबर केली होती. दिवे गावातल्याच लोकांकडून जोडून घेतले आणि दुरुस्तीही त्यांनाच शिकवली. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्री. श. कलबाग यांनी १९८३ पासून हाताने करून शिकण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात ऊर्जा आणि पर्यावरण हा विषय सुतारकाम-शेतीच्या बरोबरीने येतो. गाडीत चकचकीत मॉडेल कमी आणि मल्टिमीटर, सोल्डरिंगचा सेट, बंद पडलेले एक खरे पॅनेल जास्त असावे. ते उघडू द्यावे. मोडू द्यावे.

पैशांचे म्हणाल, तर थळचा खत कारखाना, डोलवीचे पोलाद, उसरचा वायू, न्हावा-शेव्याचे बंदर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून एक गाडी, दोन माणसे आणि डिझेल किंवा चार्जिंग निघू नये असे नाही. अट एकच घाला. देणगीदाराचे नाव गाडीच्या मागच्या दारावर, आणि आत काय शिकवायचे यात त्याचा हात नाही. भिऱ्याची गोष्ट सांगताना मुळशी गाळावी लागली, किंवा कांदळवनावर बोलताना कोणाच्या भरावाचा विषय टाळावा लागला, तर त्या गाडीपेक्षा मुलांना खाडीवर खेकडे धरायला सोडलेले बरे.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे हा वाद आपल्या दालनात चालू असेल. त्यात आज शिरत नाही. एवढेच म्हणतो, की गाडीची यादी करताना पटसंख्येने वरून खाली जाऊ नका. तसे केले तर गाडी अलिबाग-पेण-उरणमध्येच फिरत राहील आणि म्हसळ्याच्या घाटातून तिचा आवाज कधीच येणार नाही.

सुरुवात छोटी करा. पहिल्या वर्षी श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड हे तीनच तालुके घ्या. दिघी-आगरदांडा फेरीबोटीचे दर आणि वेळा आधी पाहून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस जेट्टीवर जाईल. आणि गाडीच्या चालकाची नेमणूक, मुक्कामाची सोय आणि भत्ता यांचा आदेश गाडी घेण्याच्या आदेशासोबतच काढा. चालकाचा भत्ता चार महिने अडकला की फिरत्या योजना जिल्हा परिषदेच्या आवारात उभ्या राहतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

कळावे,

आपला नम्र,
श्रीवर्धन तालुक्यातला एक रहिवासी